इंजिनचा आवाज घालवणारे हेडफोन

कुडाळहून परत आल्यापासून मंडळातल्या तिघींनी मला एकच प्रश्न विचारला. शालूताई, प्रवासात कानाला लावायचे ते हेडफोन तुम्ही कुठले घेतलेत, आणि आवाज खरंच जातो का? एकीची मुलगी दुबईला असते, तिचं विमानात डोकं धरतं. दुसरीचे मिस्टर घोरतात, म्हणजे प्रवासाशी तिचा काही संबंध नाही, पण तिलाही हवेत. रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, आणि अर्धीच सांगितली तर खोटी वाटेल. म्हणून लिहूनच काढते. हेडफोनचं सांगते, कुडाळचंही सांगते, आणि मधे जे झालं तेही, जसं झालं तसं.

माझी मोठी बहीण, अक्का, कळंबोलीला राहते. भावजींचा स्वतःचा एक ट्रक होता. लोखंड बाजारातून सळ्या भरायच्या, साताऱ्या-कराडला उतरवायच्या आणि परत यायचं, उभं आयुष्य हेच केलं त्यांनी. गेल्या उन्हाळ्यात ते अचानक गेले. कसे गेले ते पुढे येईल. ते गेल्यापासून अक्काला आवाज सोसेनासा झाला. फ्रिज बंद. पंखा बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून कपाटात ठेवलेला. मी भेटायला गेले की दारात चपला काढतानाच ती तोंडावर बोट धरायची. आणि घर कुठे, तर कळंबोलीत, जिथे खिडकीखाली दिवसभर ट्रक उभे. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. म्हणाले, कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

तिची एकुलती मुलगी मनीषा कुडाळला दिली आहे. आठ महिने ती रोज फोनवर आईला बोलवत होती, आणि अक्काचं उत्तर ठरलेलं, "त्या रेल्वेचा धडधडाट मला नाय सोसायचा." इकडे जेवण दोन घासांवर आलेलं, ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. मी डबा घेऊन जायचे तो दुसऱ्या दिवशी तसाच परत यायचा. शेवटी मनीषा मला म्हणाली, "मावशी, आणखी दोन महिने ती अशी राहिली तर मला नुसतं शेवटचं तोंड बघायला यावं लागेल. बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन मिळतात. ते तिला घेऊन दे आणि तूच तिला घेऊन ये."

पनवेल

एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत मोबाइलचं दुकान आहे, तिथे अक्काला रिक्षातून घेऊन गेले. दुकानदार इरफान, बोलायला गोड, मावशीला खाला म्हणणारा. बसायला स्टूल दिलं आणि म्हणाला, "खाला, आधी सांगा, काय काय ऐकायचं नाही?"

मीच म्हटलं, "रेल्वे."

त्याने तीन प्रकार काढले. पहिले रबरी बोंडाचे, कानाच्या भोकात खुपसायचे. आमच्या वयाला ते नको वाटतात, आणि चावताना स्वतःच्याच जबड्याचा आवाज डोक्यात घुमतो. मी शेंगदाणा खाऊन बघितला, जात्यात दाणे पडल्यासारखं वाटलं. दुसरे मोठ्या गादीच्या वाट्यांचे. ते नुसते दाबून आवाज अडवतात, मऊ होते, मला आवडले. मंडळातल्यांनो, कुड्या घालत असाल तर वाटी कानापेक्षा मोठी बघून घ्या, नाहीतर कुडीचा फिरकीचा दांडा मानेच्या बाजूने टोचतो. आणि अंबाडा असेल तर वरचा पट्टा अंबाड्याच्या पुढे बसतो ना ते बघा. ही दोन्ही अडचणीची कलमं दुकानदार कधी सांगत नाहीत, कारण त्यांना अंबाडा नसतो.

तिसरा प्रकार बटणाचा. एका वाटीत बारीक सेल घालायचा, कडेचं बटण सरकवलं की आत काहीतरी सुरू होतं. त्या दिवशी गल्लीतली लाइट गेली होती, दुकानाच्या दाराशी जनरेटर धडधडत होता. मी ते कानाला लावले, इरफानने बटण सरकवलं, आणि जनरेटर गेला. म्हणजे समोर दिसत होता, थरथरतही होता, पण नव्हता. कानात कुणी तळवे दाबून धरल्यासारखं झालं. इरफानचे शब्द मात्र बारीक, लांबून, नीट ऐकू येत होते.

"माणसांची बातचीत यात जात नाही, खाला," तो म्हणाला. "एकसारखं जे घुमतं ना, इंजिन, पंखा, एसी, ते सगळं गायब."

मला ते आवडलं नाही. समोर यंत्र हलतंय आणि आवाज नाही, हे बघून मी ते पटकन काढून ठेवले. मी गादीवालेच घेऊ म्हटलं. पण अक्काने हात पुढे केला. कुड्या टोचत होत्या म्हणून तिने त्या तिथेच काढल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिच्या कानात कुड्या नाहीत असं मी बघितलं नव्हतं. रुमालाच्या गाठीत त्या बांधल्या, हेडफोन लावले, बटण स्वतःच सरकवलं.

आणि ती स्टुलावर ताठ झाली. डोळे दाराबाहेर रस्त्यावर लागलेले. मी हाक मारली, इरफानने मारली, ती वळली नाही. एवढ्या महिन्यांत तिचा चेहरा इतका शांत मी बघितला नव्हता. थोड्या वेळाने तिने एक वाटी जराशी उचलली आणि म्हणाली, "हाच घे, बाय."

"अगं, ते दुसरे मऊ आहेत."

"हाच."

महागाचा होता, पण तिने काहीतरी हवं म्हणून मागितलं याचाच मला इतका आनंद झाला की मी वर दोन जादा सेल घेतले. इरफान म्हणाला एक सेल दिवसभर पुरतो. ते काही खरं नाही, लिहून ठेवा.

गाडीत

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सकाळच्या गाडीत पनवेलला चढलो. मी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि तिळाच्या वड्या घेतल्या होत्या. सुकट उघडल्यावर डब्यातले चार जण नाक धरतात आणि चार जण जवळ सरकतात, हा माझा नेहमीचा अनुभव. समोरच्या बाकावर संगमेश्वरच्या एक बाई होत्या, त्या सरकणाऱ्यांपैकी. त्यांनी अर्धी भाकरी घेतली आणि अक्काकडे बघून विचारलं, "आजी कुठली गाणी ऐकतात?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. हेडफोनची वायर अक्काच्या मांडीवरून खाली लोंबत होती. कशालाच लावलेली नव्हती.

"गाणी नाहीत हो, आवाज नको म्हणून लावलेत," मी म्हटलं.

"मग पाय कशाचा ताल धरतोय?"

पाय नव्हता, बोट होतं. अक्काच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर पडत होतं. चार वेळा सारखं, मग जरा अडखळून, मग पुन्हा चार. रेल्वेचा ठेका वेगळा होता, मी कान देऊन जुळवून बघितला. बाईंनी पुढे वाकून अक्कालाच विचारलं, "काय ऐकता, आजी?"

माणसांची बोलणी त्याने बंद होत नाहीत, म्हणून तिला ऐकू आलं असणार. म्हणाली, "गाडी."

बाई हसल्या. मीही हसले, कारण आम्ही गाडीतच होतो.

रोहा गेलं, माणगाव गेलं. आमच्याकडच्या खाड्या संपून लाल माती सुरू झाली. चिपळूणनंतर बोगदे लागतात, हे जे गेले नाहीत त्यांना सांगायला हवं. डोंगर अंगावर येतो आणि गाडी त्याच्या पोटात शिरते. उजेड जातो, आवाज दहापट होतो, खिडकीच्या काचेत आपलेच चेहरे दिसायला लागतात. एका बोगद्यात मी काचेत अक्काला बघत होते. तिचे ओठ हलत होते. आणि माझ्या मांडीवर काहीतरी वाजतंय असं वाटून मी खाली बघितलं तर माझंच बोट. चार वेळा, मग अडखळून. मी हात पदराखाली घेतला.

रत्नागिरीच्या आधीचा बोगदा सगळ्यांत लांब. त्याच्या मध्यावर अक्काने एकदम माझं मनगट धरलं. सेल संपला होता. मी पिशवीत हात घातला, जादा सेल सापडेनात. घरी ओट्यावरच राहिले होते, डब्याशेजारी. अक्काने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले, डोकं गुडघ्यांकडे नेलं. तोंडाचा रंग गेला होता. मला वाटलं, आवाजाने होतंय. संगमेश्वरच्या बाई उतरून गेल्या होत्या, बाकावर दुसरं कुणी नव्हतं. मी तिला कुशीत घेतलं, माझ्या पदराने तिचे कान झाकले. ती माझा हात झटकत म्हणाली, "सोड. मला ऐकायला येत नाय. सोड ना."

बोगदा संपला. उजेडात मी तिच्याकडे बघत राहिले.

"काय ऐकू येत नाही, अक्का?"

"गाडी. खाली उभी हाय ना."

इथे थांबून मला भावजींचं सांगायला हवं. लांबून आलेलं ट्रकचं इंजिन तापलेलं असतं, ते लगेच बंद करत नाहीत. जागेवर उभं करून काही मिनिटं तसंच चालू ठेवतात, निवू देतात. भावजी हे फार सांभाळायचे. घराखाली गाडी लागली की ते स्टिअरिंगशीच बसून राहायचे, आणि वर अक्का घरघर ऐकून भात टाकायची. इंजिन बंद झालं की दोन मिनिटांत जिन्यावर पावलं. त्या दिवशी दुपारी गाडी लागली, हिने भात टाकला. भात झाला. आमटी गरम केली, पुन्हा गरम केली. खाली इंजिन चालूच. ही मनात म्हणाली, कुणाशी तरी गप्पा मारत असतील. शेवटी पानवाल्याने वर येऊन दार वाजवलं, "वहिनी, खाली चला." भावजी सीटवर बसल्या जागी गेले होते.

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं मात्र तिने मला त्या गाडीत पहिल्यांदा सांगितलं.

"मी खाली गेले तवा इंजिन चालू होता," अक्का म्हणाली. "मंग कुणीतरी बंद केला असल. कोणी केला, कवा केला, मला ठाव नाय. माझ्या कानात तो बंद झालाच नाय, बाय. तवापासून खाली चालूच हाय."

"म्हणून तुला आवाज नको वाटतात?"

"आवाज झाले तं त्यो कसा ऐकायला येल? मी फ्रिज लावला, पंखा लावला, आन् तेवढ्यात त्यो बंद झाला तं? एकदा मी वर बसून राहिले. आता बंद होताना मला ऐकायचा हाय." तिने कानावरचे हेडफोन चाचपले. "यात बाकीचा सगळा जातो. त्योच तेवढा रातो."

इरफान म्हणाला होता, इंजिन, पंखा, एसी, सगळं गायब. आम्ही तिला शांतता विकत घेऊन दिली होती, आणि ती त्यात पहाऱ्यावर बसली होती.

रत्नागिरीला गाडी थांबल्याबरोबर मी उतरले. पहिल्या स्टॉलवर वडे, दुसऱ्यावर वडे, तिसऱ्यावर काजूगर आणि आंबापोळी, सेल कुठेच नाही. शेवटच्या टोकाला पुस्तकांच्या गाड्यावर मिळाले, तोवर गाडी हलली. सदुसष्टाव्या वर्षी मी नऊवारी नाही, पाचवारी नेसते म्हणून धावू शकले. मागच्या डब्याच्या दारातल्या एका माणसाने हात देऊन ओढून घेतलं आणि वर म्हणाला, "आजी, सेलसाठी जीव द्याल." चार डबे चालत जागेवर आले, तर अक्का तशीच, कान दाबून, श्वास धरून. सेल घातला, बटण सरकवलं. तिने डोळे मिटले.

"हाय," ती म्हणाली.

त्यापुढे कुडाळपर्यंत मी पुस्तक उघडून बसले, पण एक ओळ वाचली नाही. मधे ती तोंड धुवायला गेली तेव्हा भिजू नयेत म्हणून काढलेले हेडफोन बाकावर होते. मी ते लावून बघितले, लपवून काय करू. आधी बारीक वाळू सांडल्यासारखी खसखस, मग काहीच नाही. मग त्या काहीच नाहीच्या खाली, फार खोल, काहीतरी. माझ्याच कानशिलाची शीर असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ती यायच्या आत काढून ठेवले.

कुडाळ

मनीषाचं घर स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटर आत आहे. चिऱ्याच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, मागे माड-पोफळी. मुख्य रस्ता इतका लांब की एसटीसुद्धा ऐकू येत नाही. आमच्याकडे पाहुणी आली की आधी चहा. इथे आधी गूळ आणि पाणी, आणि चहा विचारून. मनीषाच्या सासूबाई मालवणी बोलतात, पहिले दोन तास मी नुसती मान हलवत होते. रात्री सुरमईचं तिखलं आणि सोलकढी झाली. आमची आमटी चिंचेवर, यांची तिरफळाच्या मसाल्यावर. मी दोनदा भात घेतला. अक्काने दोन घास खाल्ले आणि हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून निजली. मनीषा भांडी आवरत होती. ताट घासता घासता तिने पुसलेलं पाणी डोळ्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला इथल्या रिवाजाप्रमाणे पेज झाली. म्हणजे उकड्या तांदळाचा पातळ भात, मीठ घालून, सोबत कुळथाची पिठी नाहीतर लोणच्याची फोड. न्याहारीच्या वेळी आम्ही भाकरी खाणारी माणसं, मला हे आजाऱ्याचं जेवण वाटत होतं, पण खाल्ल्यावर पोट निवतं. अक्का खळ्याच्या पायरीवर बसली होती, कानावर हेडफोन, समोर पेजेचं भांडं, त्यावर साय धरलेली. तिचं बोट गुडघ्यावर पडत होतं.

मनीषा समोर सुपारी सोलत बसली होती. हात थांबला. कितीतरी वेळ ती त्या बोटाकडे बघत राहिली. मी गाडीतलं तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. आदल्या दिवसापासून आम्ही दोघी एकट्या अशा झालोच नव्हतो.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "ही बाबांची गाडी आहे."

मी म्हटलं, "काय?"

"चार नीट आणि पाचवा अडखळतो. बाबा नेहमी म्हणायचे, पुढच्या खेपेला दाखवतो, पुढच्या खेपेला दाखवतो. आईला ती अजून ऐकू येते का?"

मग मी तिला सगळं सांगितलं, अक्काच्या देखतच, कारण त्या हेडफोनने माणसांचं बोलणं बंद होतच नव्हतं, लपवण्यात अर्थ नव्हता. अक्का रस्त्याकडे बघत ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर मनीषा उठली आणि आईच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"आई, मी लहान असताना इंजिन कोण बंद करायचं?"

अक्काचं बोट थांबलं नाही.

"मी करायचे ना? बाबा गाडी लावून बसायचे, मी जिन्यावरून धावत खाली जायचे. ते मला मांडीवर घ्यायचे. चावीने ती बंद होत नव्हती, खाली एक मूठ होती, ती ओढायची. ते विचारायचे, निवली का गं? मी बॉनेटला हात लावून आल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, निवली. मग ते म्हणायचे, ओढ."

अक्काने तिच्याकडे तोंड वळवलं.

"त्या दिवशी मी इथे होते," मनीषा म्हणाली. "म्हणून ती बंद करायची राहिली असेल. ओढू का, आई?"

एक माडाची झावळी पडली तेवढाच आवाज. मला वाटलं, ही आता उठून आत जाईल, किंवा पोरीला थप्पड मारेल. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. दोन्ही पाय पायरीवर जुळवून ठेवले, पंगतीत वाढायला येतात तेव्हा बसतात तशी बसली.

"निवली का?" तिने विचारलं.

मनीषाने हात पुढे केला, हवेतच, कशावर तरी ठेवल्यासारखा. तिचे डोळे मिटलेले होते. "निवली."

"मंग ओढ."

मनीषाने आईच्या उजव्या कानाकडे हात नेला, कडेचं बटण बोटाने चाचपलं आणि सरकवलं. टिक्.

फ्रिजची मोटर बंद पडली की घरात कसं होतं, ठाऊक आहे ना? इतका वेळ ती चालू होती हे तेव्हा कळतं. तसं झालं. माझ्या कानावर काही नव्हतं, मी दोन हात लांब बसले होते. खळं, माड, भिंत, सगळं एका दमात हलकं झालं आणि मग कावळे, विहिरीचा रहाट, कुणीतरी लांब लाकूड फोडतंय ते, एकेक करून यायला लागलं. मनीषाने माझ्याकडे बघितलं. तिलाही जाणवलं होतं.

अक्काने हेडफोन काढून पायरीवर ठेवले. गुडघ्यावरचं बोट तसंच पडलेलं होतं, नुसतं.

तेवढ्यात सासूबाई हात पुसत माजघरातून दारात आल्या. त्यांना यातलं काहीएक माहीत नव्हतं. त्यांनी रस्त्याकडे मान लांब करून बघितलं आणि सुनेला विचारलं, "दारात कोणाची गाडी गो? सकाळपासून घुरघुरत होती, आता बंद झाली."

"आमची," अक्का म्हणाली, आणि पेजेवरची साय बोटाने बाजूला करून भांडं तोंडाला लावलं.